डाव्या कोपऱ्यातली जीप

दिगंबर परबांना गाडी चालवता येत नव्हती. तरी दर हिवाळ्यात, दिवाळीनंतर जमीन वाळली की थेट होळीपर्यंत, महिन्यातले दोन रविवार ते सह्याद्रीच्या अशा एखाद्या माथ्यावर असायचे, जिथे डांबरी रस्ता गावातल्या शेवटच्या घरापाशीच संपलेला असतो. तिथून पुढे त्यांना नेणारी एक जुनी लाल जीप होती आणि ती चालवणारा विलास राणे होता. परबांबद्दल सांगायचं तर विलासबद्दल सांगावंच लागतं. ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची फोटो छापायची लॅब होती. लग्नाचे अल्बम, हॉटेलांच्या भिंतींवर लावायचे मोठाले फोटो, असलं काम. मी कॉम्प्युटरवर फोटो साफ करायचे. डाग काढ, विजेच्या तारा काढ, मागून डोकावणारा कुणाचा तरी मामा काढ. परब छापून आलेल्या प्रिंटचा रंग तपासायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही प्रिंट बाहेर जात नसे. ते कायम राखाडी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. सुरुवातीला मला वाटलं, या माणसाकडे एकच शर्ट आहे. मग एकदा मी लाल कुर्ता घालून त्यांच्या टेबलाशी उभी राहिले तेव्हा म्हणाले, "स्मिता, जरा बाजूला हो. तुझ्या कुर्त्याने नवरी लाजायला लागलीये." रंगीत कपड्याची झाक प्रिंटवर पडते, म्हणून राखाडी. असे सहा शर्ट होते त्यांच्याकडे.

शेवटची खात्री करायला ते प्रिंट घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जात, कारण तिथे खिडकीतून खरा उजेड येई. पॅसेज संडासाकडे जायचा. येणारे-जाणारे अंग चोरून जात, आणि हे मधोमध उभे राहून कुणाच्या तरी हळदीचा पिवळा न्याहाळत.

एकदा बोरिवलीच्या एका लग्नाचा अल्बम आला. मुलाकडच्यांनी निरोप दिला होता की नवरी उजळ करा. मी केली. परबांनी पहिलीच प्रिंट पाहून मला मूळ फाइल उघडायला लावली आणि सगळा अल्बम तिच्या खऱ्या रंगात छापला. मालक चिडले. परब आवाज न चढवता म्हणाले की हा अल्बम तिच्या आईने उघडला तर तिला आपली मुलगी ओळखू आली पाहिजे. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. त्यानंतर असले अल्बम परबांच्या टेबलावरून जाणारच नाहीत अशी सोय मालकांनी केली. परबांना ती कळली होती. मी तसलं काम करत असले की माझ्या मागून जाताना ते चाल वाढवायचे.

स्वतःच्या फोटोंच्या बाबतीत तर ते त्याहून हट्टी. ते फक्त डोंगर काढत, आणि फक्त थंडीत. पावसात कुठलाही डोंगर देखणा दिसतो, म्हणायचे, हिवाळ्यात त्याची हाडं दिसतात. सूर्य कलता असतो, सावल्या लांब पडतात, वाळलेल्या गवताला सकाळी दहा-पंधरा मिनिटं असा काही रंग येतो की तो कागदावर आणायला त्यांना महिना लागे. आणि त्या फोटोत नंतर काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. एका फोटोत पार दूरवर मोबाइलचा टॉवर आला होता, नखाएवढा. मी म्हटलं, सर, द्या, अर्ध्या मिनिटात काढते. त्यांनी तो फोटोच बाद केला. जे तिथे होतं ते फोटोत असणार. नको असेल तर आपण हलायचं, नाही तर ते हलवायचं, नाही तर घरी जायचं. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी त्यांची नक्कल करून दाखवायचे.

विलासचं चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत गॅरेज होतं. परब तिथून चालत दहा मिनिटांवर, सेक्टरमधल्या बैठ्या घरात राहायचे. दोघेही मूळ मालवणकडचे. दोघांचे वडील एकाच गिरणीत होते, आणि गिरणी बंद पडल्यावर दोन्ही कुटुंबं पुढेमागे चारकोपला आली. विलासला फोटोंमध्ये काडीचा रस नव्हता. त्याला गाडी आवडायची. डोंगरांना तो 'तुझे दगड' म्हणायचा. "चल दिग्या, तुझे दगड बघून येऊ." ती जीप त्याने भंगारातून आणून स्वतः उभी केली होती. तिच्यातला प्रत्येक नटबोल्ट त्याच्या ओळखीचा होता.

एका डिसेंबरात मी आणि माझा नवरा त्यांच्याबरोबर गेलो. भंडारदऱ्याच्या पुढचं एक छोटं गाव, घाटाच्या अगदी काठावर. आदल्या दुपारी निघालो, गावात सोमा नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीत मुक्काम केला आणि उजाडायच्या आत जीपमधून वर निघालो. रस्ता नव्हताच. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, दगडांवरून, मग तिरप्या गवतातून. माझा नवरा दांडी घट्ट धरून बसला होता. विलास मात्र एका हाताने चालवत होता आणि दर वळणाला खाली उतरून आधी जमीन पायाने चाचपून येत होता. मला म्हणाला, गाडी चालवायच्या आधी गाडी चालायची जागा चालून बघायची. इतका बडबड्या माणूस, पण चढणीवर लागला की गप्प.

परबांनी बॅटऱ्या बनियनच्या खिशात ठेवल्या होत्या, कारण थंडीत त्या लवकर उतरतात. माथ्यावर त्यांनी तिकाटणं लावलं, कॅमेरा बसवला आणि वाट बघत बसले. समोर कोकण होतं, पण सगळीकडे धुरकट. तीन तास बसले. एकदाही बटण दाबलं नाही. विलास म्हणाला, "अरे, एवढी गाडी मारली, एक तरी काढ. वहिनीला काय दाखवशील?" परबांनी कॅमेरा बॅगेत भरला आणि म्हणाले की आज काही नव्हतं. विलासने माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि सगळ्यांना चहा दिला. त्या जागेवर ते दोघे नऊ हिवाळे जात होते. परबांना तिथून एकच फोटो हवा होता. खाली दरीत धुकं भरलेलं, समोरचा सुळका त्यातून वर आलेला, आणि त्याच्या बरोबर खाली, काठावरचा एक काळा खडक. सुळका आणि खडक एका रेषेत यायचे ते एकाच ठिकाणाहून. तिथून हातभर सरकलं की सगळं बिघडायचं.

पुढच्याच जानेवारीत विलास तिथे गेला. मेला, असं लिहायला हवं.

सोमवारी परब कामावर आले नाहीत. दुपारी मालकांनी सांगितलं की परबांचा मित्र जीपसकट दरीत पडला, परब ठीक आहेत. गावकऱ्यांनी दोर लावून विलासला वर काढलं होतं. सगळ्यात आधी सोमा खाली उतरला होता. पोलिसांनी परबांचा जबाब घेतला. परब म्हणाले, तो गाडी वळवत होता. कागदावर चालकाचा ताबा सुटल्याचं लिहिलं गेलं आणि प्रकरण मिटलं.

बाराव्याला मी चारकोपला गेले. विलासची बायको, सुनीता, भिंतीला टेकून बसली होती. गॅरेजमधली माणसं, शेजारी हलक्या आवाजात बोलत होते. प्यायला होता का, झोप झाली नव्हती का, वय झालं की अंदाज चुकतो. परब एका कोपऱ्यात होते. सुनीताताई मधेच त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगा. तो गाडी वळवताना चुकला? तो?"

परब खाली बघत राहिले. मला वाटलं, दुःखाने त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाहीये.

पुढच्या आठवड्यात ते कामावर आले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड ठेवलं आणि म्हणाले, "उघड. मला बघवत नाही." ते माझ्या मागे उभे राहिले. मी कार्ड लावलं. त्या सकाळचे फक्त तीन फोटो होते.

पहिल्यात धुकं होतं, सुळका होता, खडक होता, आणि डाव्या कोपऱ्यात लाल जीप घुसली होती. बोनेट, आरसा, खिडकीतून बाहेर आलेलं विलासचं कोपर, हातात स्टीलचा चहाचा ग्लास. दुसऱ्यात जीप मागे सरकलेली, बोनेटचं फक्त टोक उरलेलं. तिसऱ्यात जीप नव्हती. तो तिसरा फोटो मी त्यांच्याकडे पाहिलेल्या सगळ्या फोटोंमध्ये सगळ्यात सुंदर होता. उन्हाचा पहिला पट्टा सुळक्याच्या टोकावर आला होता आणि धुकं दुधासारखं स्थिर होतं.

फोटोंच्या वेळा खाली दिसत होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत मिनिटाचंही अंतर नव्हतं. तिसऱ्यानंतर काही नव्हतं.

"कळलं ना?" परब म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, सलग, जणू पाठ केलं होतं. ते तिकाटणं लावून बसले होते. विलासने थोडं पुढे, डावीकडे गाडी थांबवली होती, थंडी होती म्हणून आत बसून चहा पीत होता. उजेड यायला लागला तसं परबांना कळलं की जीप कोपऱ्यात येतेय. तिकाटणं हलवता येत नव्हतं. त्यांनी हाक मारली की विल्या, जरा मागे घे. विलासने ग्लास ठेवला, गाडी मागे घेतली आणि विचारलं, बास? परबांचा डोळा कॅमेऱ्याला होता. बोनेटचं टोक अजून दिसत होतं आणि ऊन सुळक्याला टेकलं होतं. ते म्हणाले, अजून थोडी.

"दर वेळी उतरून जमीन बघायचा तो," परब म्हणाले. "त्या दिवशी मी घाई केली म्हणून नाही उतरला. काठ तिथे वळून गाडीच्या मागे आला होता, आणि गवत दवाने ओलं होतं. खाली सुटे दगड होते. मी बटण दाबलं, आणि मग आवाज आला."

लॅबमध्ये बाकी कुणी नव्हतं. त्यांनी विचारलं, "ते बोनेटचं टोक तू किती वेळात काढलं असतंस?"

मला खोटं बोलायचं होतं. अवघड होतं, धुक्यात जमलं नसतं, असं काहीतरी. पण त्यांना माझं काम माझ्याइतकंच माहीत होतं.

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, प्रिंट पास करताना हलवायचे तशीच, आणि हात धुवायला गेले. परत आले तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. "माज्यामुळा गेलो गो तो," म्हणाले. आईशी फोनवर सोडलं तर ते कुणाशी मालवणीत बोललेले मी ऐकले नव्हते.

त्यांच्या बायकोचं, वैशालीवहिनींचं म्हणणं होतं की आता सांगू नये. मला त्यांनी फोन करून तसं बजावलं. सांगून विलास परत येणार नाही, उलट सुनीताला जो एक आधार उरलाय तोही जाईल. मला त्यांचं पटत होतं, हे कबूल करते. परब दोन आठवडे काहीच बोलले नाहीत. मग एका रविवारी त्यांचा फोन आला. गॅरेजसमोरच्या चहावाल्याने विलासबद्दल काहीतरी थट्टेने म्हटलं होतं, दारूवरून, आणि सुनीताताईंनी ते ऐकलं होतं. परब म्हणाले, "मी आज जातोय. तू नुसती येऊन बस. मी मधेच थांबलो तर थांबू देऊ नको."

थांबायची वेळ आली नाही. त्यांनी सगळं सांगितलं. 'अजून थोडी'सुद्धा. सुनीताताईंनी आमच्यासाठी चहा आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे तो चुकला नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"फोटो आला?"

परबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आला."

"चांगला आला?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस नाही म्हणेल. परब म्हणाले, "हो. चांगला आला."

सुनीताताईंनी कप उचलले, आत नेऊन मोरीत ठेवले. तिथूनच त्यांचा आवाज आला. "परब, जा आता. परत या घरात येऊ नका." वीस वर्षं त्या त्यांना भाऊजी म्हणत होत्या.

तिथून परब सरळ गॅरेजसमोर गेले. मी मागून चालत होते. गॅरेजची पोरं होती, शेजारचे दोघेतिघे होते, तो चहावाला होता. परबांनी उभ्याउभ्या त्यांनाही सांगितलं की विलासची चूक नव्हती, तो प्यायला नव्हता, मी मागे घ्यायला सांगितलं. एकजण तेवढा म्हणाला, "फोटोसाठी?" परब हो म्हणाले. पुढच्या सोमवारी रजा घेऊन ते तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जबाब बदलायला गेले. तिथल्या हवालदाराने त्यांना पाणी दिलं, समजावलं, प्रकरण मिटलंय म्हणून सांगितलं. परब संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. शेवटी त्यांचा लेखी कागद घेऊन पोच दिली गेली. त्याचं पुढे काही झालं नाही.

चारकोपमध्ये मात्र झालं. गणपतीत त्यांच्याकडे आरतीला कुणी गेलं नाही. वैशालीवहिनी त्यांच्याशी महिनोन् महिने कामापुरतंच बोलत. कॅमेरा त्यांनी कपाटात ठेवला. तो तिसरा फोटो त्यांनी कधी छापला नाही, आणि पुसलाही नाही.

वर्षभराने सुनीताताईंचा मला फोन आला. विलासचा शेवटचा फोटो त्या कार्डात आहे का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, आहे, पण चेहरा नाही, फक्त कोपर आणि हात आहे. त्या म्हणाल्या, तोच मोठा करून द्या. परबांना सांगू नका असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मी सांगितलं.

परबांनी ती प्रिंट माझ्या हातून काढून घेतली. अख्खी दुपार ते मशीनवर बसले. हात सावलीत होता, काळा येत होता. उजळ केला तर धुकं जळून नुसतं पांढरं व्हायचं. रंग जमतोय का ते बघायला प्रिंटच्या चौदा पट्ट्या काढल्या त्यांनी. प्रत्येक पट्टी घेऊन पॅसेजमध्ये जायचे, उभे राहायचे, परत यायचे. शेवटी हाताच्या पाठीवर ग्रीसचा जुना डाग दिसायला लागला, मनगटावरचा लाल धागा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. सुळका, धुकं सगळं होतंच, पण त्या प्रिंटमध्ये तिकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं. मी ती चारकोपला नेऊन दिली. सुनीताताईंनी ती दारासमोरच्या भिंतीवर लावली. कुणी छापली हे त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत परबांनी नोकरी सोडली. मीही पुढे दुसरीकडे लागले. त्यांचा फोन बंद असायचा. वहिनी सांगायच्या की बरे आहेत.

गेल्या जानेवारीत नवरा आणि मी भंडारदऱ्याला गेलो होतो. तिथवर गेलोय तर सोमाला भेटून यावं म्हणून त्या गावात गेलो. सोमाने आम्हाला ओळखलं, पाणी दिलं आणि म्हणाला की तुमचे साहेब वर आहेत. मला आधी कळेना. तो म्हणाला, दर थंडीला येतात, एसटीने. आठ-आठ दिवस राहतात पडवीत.

आम्ही गाडी गावातच ठेवली आणि चालत वर गेलो. परब माथ्यावर होते. केस पूर्ण पांढरे झालेले, अंगात जुना स्वेटर, कमरेला पंचा. काठापासून पंधरा-वीस पावलं अलीकडे त्यांनी दगडांची एक रांग लावली होती, गुडघ्याएवढी उंच. पार त्या काळ्या खडकाच्या मागून सुरू होऊन ती गवतातून वळत गेली होती. कुठलीही गाडी तिच्यापुढे जाऊ शकली नसती. आम्ही आलेले बघून त्यांनी हातातला दगड खाली ठेवला, पण नीट बसेल असाच. चौकशी केली. माझ्या मुलीची, लॅबमधल्या लोकांची.

आम्ही दोघांनी तासभर दगड आणून दिले. ते प्रत्येक दगड फिरवून बघायचे, हलत असेल तर बाजूला टाकायचे. कुणी मला विचारलं असतं की किती बाकी आहे तर मला सांगता आलं नसतं. काठ लांबच लांब होता. मी त्यांना विचारलं, हे टिकतं का? ते म्हणाले की नाही. पावसात निम्मी रांग ढासळते, बाकीची गुरं पाडतात.

निघताना नवरा म्हणाला, सर, चला ना आमच्याबरोबर, चारकोपला सोडतो. परबांनी सूर्याकडे पाहिलं आणि अजून दोन तास उजेड आहे म्हणाले.

उतरणीवर मी एकदा वळून बघितलं. ते खाली वाकले होते, दोन्ही हात एका मोठ्या दगडाखाली घालून. दगड उचलला जाईना. त्यांनी हात काढले, दगडाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि तिकडून लोटायला लागले.